जरासा उतरा गंधार

इथे अमेरिकेत मुलांसाठी कॉलेजं बघायला गेलं की बाकीचे पालक मेसमध्ये काय मिळतं ते बघतात, वसतिगृहाच्या खोल्या केवढ्याशा आहेत ते बघतात आणि शेवटी नोकऱ्या कुठे लागतात ते विचारतात. आमच्या घरातलं हे खातं नवऱ्याकडे होतं. मी संगीत विभागाची इमारत शोधायचे. कॅम्पस दाखवणारी मुलगी उलटी चालत, हातवारे करत वाचनालयाची माहिती सांगत असायची, तेवढ्यात मी घोळक्यातून सटकायचे. ती इमारत सापडली की रियाजाच्या खोल्यांचा बोळ सापडतोच. तिथे जाऊन नुसती उभी राहायचे.

दारं कितीही जाड केली तरी आवाज झिरपतो. एका दारामागे कुणीतरी पियानोवर तीच ओळ विसाव्यांदा घेत असतं, शेजारच्या खोलीत क्लॅरिनेट खालून वर, वरून खाली चढउतार करत असतो. सांगलीत आमच्या गुरुजींच्या जिन्यात चपला काढताना वरून असाच कालवा ऐकू यायचा. एकाचे अलंकार, दुसऱ्याची परीक्षेची बंदिश, आणि मध्येच गुरुजींचं "पुन्हा!" त्या कालव्यावरून मला आजही घराची परीक्षा करता येते. मग कॉलेजची का नाही?

माझी एक कसोटी ठरली होती. बोळात भेटेल त्या मुलाला विचारायचं, "तुझा मुख्य विषय काय?" संगीत हेच उत्तर सगळ्यांकडून आलं, तर पुढच्या कॉलेजला. असं का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

लेक चौथीत असताना न्यू जर्सीतल्या तिच्या शाळेत वाद्य निवडायचा दिवस होता. मुलं व्हायोलिनच्या रांगेत, ही मात्र व्हायोला घेऊन घरी आली. रांग छोटी होती म्हणून, असं तिनं त्या वेळी सांगितलं. व्हायोला म्हणजे काय, हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. दिसायला व्हायोलिनची थोरली बहीण, आवाज एका पंचमानं खाली, आणि अंगात जरासा घोगरेपणा. गेली बारा वर्षं मराठी मंडळाच्या गणपतीत "मुलीचं व्हायोलिन ठेवा ना कार्यक्रमात" असं म्हणतात आणि बारा वर्षं मी "व्हायोला" अशी दुरुस्ती करते. चौघांच्या मैफलीत, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो अशा संचात, व्हायोलाचं काम पंगतीत वाढणाऱ्यासारखं. सगळं वेळेवर पानात पडत असतं तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही.

ती बरी वाजवायची. प्रांताच्या युवा वाद्यवृंदात तिची निवड झाली, शिक्षिकेनं कॉन्झर्व्हेटरीची, म्हणजे निव्वळ संगीताच्या महाविद्यालयाची, गोष्ट काढली. त्या रात्री जेवताना लेक म्हणाली, "मला व्हायोलिस्ट व्हायचं नाहीये, आई. मला व्हायोला वाजवायचाय."

नवऱ्याला हे वाक्य ऐकून हायसं वाटलं. मला मात्र पेटी आठवली.

मी पेटी शिकले ती मध्यमा पूर्णपर्यंत. प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद, अशी शिडी ठरलेली होती आणि घरात सगळ्यांना तिचं कौतुक होतं. अकरावीच्या शेवटी बाबांनी पेटी पुसली, पोत्यात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. "बारावी झाली की काढू," म्हणाले. बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, लग्न झालं. दिवाळीचे आकाशकंदील काढायला कुणी स्टुलावर चढलं की पोत्याचा एक कोपरा दिसायचा. बाबा काही संगीताचे वैरी नव्हते, उलट मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला रात्रभर बसणारे. पण गाणं हे एकतर पोटासाठी करायचं, नाहीतर ऐकायचं. स्वतः मन लावून करायचं आणि तरी त्यावर पोट भरायचं नाही, अशा माणसाला आमच्या वेळापत्रकात तास नव्हता.

म्हणून ती बोळातली कसोटी.

पहिलं विद्यापीठ मोठं होतं, नावाजलेलं. त्याची संगीतशाळा बघून छाती दडपली. दिमाखदार सभागृह, आणि बोळात संध्याकाळी सहालाही एक खोली रिकामी नाही. मी विचारलं, इंजिनिअरिंगच्या मुलीला इथल्या शिक्षकाकडे शिकता येईल का? खिडकीमागच्या बाईंनी अतिशय गोड हसून सांगितलं की आधी संगीताची पदवीवाली मुलं, मग पदव्युत्तर, मग जागा उरल्या तर. उरतात का? "क्वचित." मला राग यायचं कारण नव्हतं. जिथे संगीत सगळ्यात जोरात आहे, तिथे हौशी माणसाला दार सगळ्यात अरुंद असतं, हा हिशेब तोवर माझ्या लक्षातच आला नव्हता, एवढंच.

मग आम्ही छोट्या, 'लिबरल आर्ट्स' म्हणवणाऱ्या कॉलेजांकडे वळलो, आणि सांगलीहून आत्याचा फोन आला. "अगं, एवढी हुशार पोर, आणि आर्ट्सला घालताय?"

लिबरल आर्ट्स म्हणजे आपल्याकडचं आर्ट्स नव्हे, हे मी आत्याला तीनदा समजावलं आणि तीनदा हरले. त्यातला 'आर्ट्स' म्हणजे विद्या. मध्ययुगीन युरोपात अशा सात विद्या मानत. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन शब्दांच्या, तर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार संख्यांच्या. संगीताचं पान भूमितीच्या शेजारी मांडलेलं होतं, चित्रकलेच्या नव्हे, हे वाचून माझ्यातल्या इंजिनिअरला फार बरं वाटलं. आजची ही कॉलेजं म्हणजे दीड-दोन हजार मुलं, लहान वर्ग आणि चार वर्षांचं पदवीचं शिक्षण. पदव्युत्तर विद्यार्थी जवळजवळ नाहीतच. हा शेवटचा मुद्दा माहितीपत्रकात कोपऱ्यात असतो. वाजवणाऱ्या मुलाच्या आईनं तिथूनच वाचायला सुरुवात करावी.

ओहायोतल्या ओबरलिनला गेलो तेव्हा मी अक्षरशः चळले. कॉलेज १८३३ चं, तिथली कॉन्झर्व्हेटरी १८६५ ची. मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं एवढंसं गाव आणि त्यात दोनशेवर स्टाइनवे पियानो. १८३५ पासून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आणि १८३७ पासून मुलींना पदवीच्या वर्गांत प्रवेश देणारं हे कॉलेज. विल्यम ग्रँट स्टिल यांच्यासारखा संगीतकार इथे शिकून गेला. दगडी फिनी चॅपेलमध्ये आम्ही बसलो तेव्हा कुणीतरी ऑर्गन वाजवून बघत होतं, आणि खालचा सूर कानाला लागायच्या आधी बाकाच्या लाकडातून पाठीला लागला. एकाच वेळी संगीताची आणि विज्ञानाची अशा दोन पदव्या तिथे पाच वर्षांत घेता येतात. विस्कॉन्सिनमधल्या लॉरेन्सलाही तशीच सोय आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्डमध्ये २००५ साली कॉन्झर्व्हेटरी निघाली ती तर अशी, की संगीत शिकणाऱ्यानं दुसऱ्या विषयाचीही पदवी घेतलीच पाहिजे.

ओबरलिनला कॉलेजच्या इतर मुलांनाही शिकायची, वाजवायची सोय आहे, पण कॉन्झर्व्हेटरीच्या मुलांचा वाद्यवृंद वेगळा. परतताना गाडीत लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथे मी कायम पाहुणी असेन." सतरा वर्षांच्या मुलीला हे कळलं, आणि मी मात्र अजून दोनशे पियानोंवरच होते.

कनेक्टिकटमधल्या वेस्लियनचं नाव मी सुचवलं ते निव्वळ स्वतःसाठी. तिथे १९६० च्या दशकापासून कर्नाटक संगीत शिकवलं जातं. टी. रंगनाथन मृदंग घेऊन आले, टी. विश्वनाथन बासरी घेऊन आले, भरतनाट्यमच्या बालसरस्वतींनी तिथे शिकवलं, आणि तिथेच जॉन हिगिन्स नावाचा अमेरिकन मुलगा असा तयार झाला की दक्षिणेतले रसिक त्याला हिगिन्स भागवतर म्हणू लागले. नवरात्राचा उत्सव होतो दर वर्षी. मी हे सगळं रंगवून सांगितलं. लेकीनं शांतपणे विचारलं, "आणि इंजिनिअरिंग?" स्वतंत्र इंजिनिअरिंग तिथे नव्हतं. विषय मिटला.

उरलं ते स्वॉर्थमोर. माझ्या सासूबाई त्याचा उच्चार आजही 'स्वार्थमोर' असा करतात आणि म्हणतात, नावातच आहे की! पुढे मोर आहे हेही चांगलं.

फिलाडेल्फियापासून अकरा-बारा मैलांवर हे कॉलेज आहे. लोकल गाडीतून उतरलं की स्टेशनातूनच ओकच्या झाडांमधली सरळ चढण लागते आणि वर कॉलेजची जुनी दगडी इमारत दिसते. सगळं आवार म्हणजे वृक्षोद्यान, झाडांना नावाच्या पाट्या. विद्यार्थी १६००-१७००. कॉन्झर्व्हेटरी नाही, संगीतातलं पदव्युत्तर शिक्षण नाही. आणि एवढ्याशा कॉलेजात चक्क इंजिनिअरिंग आहे. नवऱ्याचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला.

कॉलेज ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी १८६४ साली काढलं. गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लुक्रेशिया मॉट त्यांच्यातल्या एक. १८६९ मध्ये वर्ग भरले तेव्हापासून मुलगे-मुली एकत्र. आता गंमत अशी, की जुन्या क्वेकरांना संगीताचं वावडं होतं. त्यांच्या प्रार्थनेत भजन नाही, ऑर्गन नाही, पुरोहितही नाही. सगळ्यांनी एकत्र गप्प बसायचं, आणि कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर त्यानं उठून चार वाक्यं बोलायची. संगीतानं मन भरकटतं, वेळ वाया जातो, अशी त्यांची धारणा. बाबा त्यांच्यात बरे मिसळले असते, असं माझ्या मनात येऊन गेलं. निदान बारावीच्या वर्षी तरी.

आणि त्याच लोकांच्या कॉलेजात हे सभागृह. लँग संगीतभवन १९७३ मध्ये उघडलं. त्याच्या सभागृहात मंचामागे पडदा नाही की भिंत नाही. पूर्ण काच आहे, आणि काचेपलीकडे क्रम ओढ्याच्या काठचं जंगल. आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, पानं पिवळी-तांबडी झालेली. मंचावर एकटा मुलगा चेलो घेऊन बसला होता आणि त्याच्या मागे पानं गळत होती. कुणी ऐकायला नव्हतं. तो एक जागा घ्यायचा, थांबायचा, मान हलवायचा, परत घ्यायचा. तो थांबला की मागून नुसतं जंगल दिसायचं. मला वाटलं, इथे शांतता आधीपासूनच आहे, वाजवणारा फक्त तिच्यातली जागा मागून घेतो.

खालच्या बोळात एक मुलगी ओबो पुसत होती. मी विचारलं, विषय काय? "अर्थशास्त्र." पलीकडचा? "तो गणित. त्या खोलीतली जीवशास्त्र. संगीतवाला आत्ता जेवायला गेलाय." मी नवऱ्याला शोधायला गेले. तो मेसमध्ये होता.

पुढे लेक तिथे गेली आणि मला हळूहळू त्या व्यवस्थेची कळ कळत गेली. संगीत तिथे शाळेनंतरच्या छंदवर्गात नाही, वेळापत्रकात आहे. वाद्यवृंदात वाजवलं की अर्धं क्रेडिट मिळतं, चौघांच्या-पाचांच्या संचात वाजवलं तरी अर्धं. गुरूकडे एकट्यानं शिकायचं तर त्याच्या फीचा भार विभागही उचलतो, मात्र त्यासाठी परीक्षा देऊन निवड व्हावी लागते. शिकवायला फिलाडेल्फियातले वाजवणारे लोक येतात. म्हणजे यंत्रांच्या प्रयोगशाळेला जसा तास आहे, तसाच हायडनच्या संगीताला आहे. पदव्युत्तर मुलंच नसल्यामुळे व्हायोलाची पुढची खुर्ची पहिल्या वर्षाच्या मुलीलाही मिळू शकते, आणि एकदा मिळाली की लपायला जागा उरत नाही. मोठ्या विद्यापीठात बारा व्हायोलांमध्ये एक चुकला तर खपतो. इथे पाच असतात.

हे सगळं गोडच आहे असं मात्र नाही. वाद्यवृंद काही वेळा अगदी कच्चा वाजतो. शिंगवाल्यांचा पहिला सूर कुठे लागेल याची ब्रह्मदेवालाही खात्री नसते. छोट्या कॉलेजात एखाद्या वर्षी बासून हे फुंकवाद्य वाजवणारं कुणी नसतंच, मग बाहेरून माणूस आणायचा. आणि अभ्यास! तिसऱ्या सत्रात लेकीचा रात्री साडेबाराला फोन आला, "आई, या सत्रात मी व्हायोलाचा क्लास सोडतेय. द्रवगतिकी आणि हे, दोन्ही नाही जमत." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून अंधारात बसून राहिले. मला कपाटावरचं पोतं दिसत होतं. पण पुढच्या सत्रात तिनं तो परत सुरू केला, आणि मला सांगायलाही विसरली. ते विसरणंच मला सगळ्यात जास्त आवडलं.

द्वोर्झाकची गोष्ट तिसऱ्या वर्षाची.

अंतोनिन द्वोर्झाक हा बोहेमियातला संगीतकार १८९२ ते १८९५ अमेरिकेत होता, न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा प्रमुख म्हणून. १८९३ च्या उन्हाळ्यात तो आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात राहायला गेला. ते खेडं त्याच्याच मुलखातून आलेल्या लोकांचं, तिथे त्याला त्याची भाषा ऐकू यायची. तिथे त्यानं तीन दिवसांत एका चौकडीचा, म्हणजे अशा चौघांच्या संचासाठीच्या रचनेचा, आराखडा केला आणि दोन आठवड्यांच्या आसपास ती पुरी लिहून काढली. लोक तिला 'अमेरिकन' म्हणतात. परदेशात आपली माणसं भेटली की माणसाचा हात कसा सुटतो, ते न्यू जर्सीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. द्वोर्झाक तरुणपणी प्रागच्या नाट्यगृहात स्वतः व्हायोला वाजवायचा. म्हणूनच की काय, या चौकडीत पहिलं बोलतो तो व्हायोला. नेहमी वाढणारा त्या दिवशी पाटावर बसतो.

लेकीच्या संचात ती सोडून तीन जणं. पहिलं व्हायोलिन भाषाशास्त्राचं, दुसरं संगणकाचं, आणि चेलोवर जीवशास्त्राचा एक उंच मुलगा. सत्रभर एका मार्गदर्शकाबरोबर तालीम करून शेवटी लँग सभागृहात वाजवायचं होतं. आम्ही दोघं दुपारीच निघून गेलो. डिसेंबर होता, साडेचारलाच दिवस कलला. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मंचामागची काच काळी झाली होती आणि तिच्यात ते चौघं पाठमोरे दिसत होते, त्यांच्या पलीकडे आम्ही श्रोते.

सुरुवातीला दोन्ही व्हायोलिनं अगदी हलकं थरथरतात, चेलो खाली एफ हा सूर धरून बसतो. एफ म्हणजे आपली पांढरी चार. त्या धरलेल्या सुरावर व्हायोला येतो, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. खाली तानपुरा लागलेला, आणि माझी पोर ओहायोच्याही पलीकडे असलेल्या आयोवाच्या खेड्यातला भूप वाजवत होती. भूप नव्हे तो, हे मलाही कळतं. त्याचं चलन वेगळं, तो क्षणात उड्या मारतो, आपल्यासारखा गंधारावर रेंगाळत नाही, आणि पुढे मध्यम-निषादही येतात, सगळं येतं. पाच सुरांवर कुणाचीच मालकी नसते. तरी ते पहिले काही क्षण मी गुरुजींच्या जिन्यात चपला काढत होते.

दुसऱ्या भागात चेलोची एक जागा घसरली. मुलानं डोळे मिटून पुढे रेटलं. शेवटच्या भागात चौघंही जरा पळाले, आणि पळताना एकमेकांकडे बघून हसले. टाळ्या पडल्या तेव्हा मी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. सभागृह भरलेलं नव्हतं. पण जे होते ते कोण? वाद्यवृंदातली मुलं, भाषाशास्त्राच्या वर्गातली मैत्रीण, कुणीतरी प्राध्यापक स्वेटर घालून, गावातली म्हातारी जोडपी, आणि मागच्या रांगेत मांडीवर लॅपटॉप मिटून ठेवलेला एक मुलगा. तिकीट नव्हतं. यातले निम्मे जण पुढच्या आठवड्यात स्वतः मंचावर असणार होते. आपल्याकडे तानसेनांपेक्षा कानसेन महत्त्वाचे असं म्हणतात. इथे तेच ते लोक आळीपाळीनं दोन्ही होत होते.

नंतर जेवताना मी तिला विचारलं, तुझा गंधार एवढा गोड कसा लागला? ती हसली. म्हणाली, त्यावर पूर्ण एक तालीम गेली. व्हायोलाच्या चार तारा षड्ज-पंचम भावानं लावलेल्या असतात. त्यातली सगळ्यात वरची मोकळी तार ए. एफ हा सा धरला तर ए म्हणजे बरोबर गंधार. वाजवायला सोपा, बोटही लावायला नको. पण पंचमामागून पंचम लावत गेलं की तो ए थोडा चढा निघतो, आणि चेलोच्या एफवर ठेवला की खुपतो. मार्गदर्शकानं सांगितलं, मोकळी तार वापरू नकोस. खालच्या तारेवर चौथ्या बोटानं दाब, आणि केसभर खाली ये. "आधी मला ऐकूच येत नव्हतं, आई. मग एकदा ऐकू आलं आणि मग ते ऐकू येणं बंदच होईना."

मी तिला सांगितलं की हे भांडण आमच्या गावचं आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म सुरांवर, १९१० साली पुस्तक लिहिलं. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर त्यांनी श्रुतींची पेटी करवून घेतली, कारण साध्या पेटीचा गंधार चढा. अब्दुल करीम खाँसाहेबांनीही त्या प्रयोगांत भाग घेतला होता. त्या पेट्या काही चालल्या नाहीत, चढा गंधारच घरोघर गेला. आमच्याकडेही आला. लेक खाणं थांबवून ऐकत होती. मी तिला व्हायोलाबद्दल बारा वर्षं प्रश्न विचारत आले होते. पेटीबद्दल तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न होता, "तुझी आहे कुठे आता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही फिलाडेल्फियात थांबलो. तिथे कर्टिस ही संगीतसंस्था आहे, १९२४ ची. दीडशेच्या आसपास विद्यार्थी, १९२८ पासून कुणाकडूनही शिकवणीची फी घेत नाहीत, आणि मुलांचे कार्यक्रम लोकांना फुकट. स्वॉर्थमोरची मुलं लोकल पकडून ऐकायला जातात. असा दर्जा गाडीच्या अर्ध्या तासावर असला की आपण कुठे आहोत याबद्दल भ्रम राहत नाही, आणि तरीही संध्याकाळी परत येऊन आपल्या तालमीला बसायचं असतं. आपल्या मुंबईचे मेहली मेहता याच शहरात कर्टिस चौकडीत व्हायोलिन वाजवत. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी उभी केली होती. १९६४ साली फिलाडेल्फिया सोडून ते लॉस एंजेलिसला गेले आणि तिथे त्यांनी तरुण मुलांचा वाद्यवृंद काढला. जगाला झुबिन मेहतांचे वडील म्हणून ते ठाऊक आहेत. मला ते त्या मुलांच्या वाद्यवृंदासाठी लक्षात राहतात.

पेटी सांगलीलाच होती. गेल्या उन्हाळ्यात मी स्टुलावर चढून ती खाली काढली. भाता उंदरांनी कुरतडलेला, दोन सूर मुके. मिरजेच्या एका कारागिरानं ती आठ दिवसांत बोलती केली आणि पैसे घेताना विचारलं, "इतकी वर्षं का नाही आणलीत?" विमानात ती माझ्या पायाशी आली, कपड्यांत गुंडाळून.

थँक्सगिव्हिंगला लेक घरी आली तेव्हा आम्ही दोघी माडीवर बसलो. मी पांढरी चारचा सा धरला, भाता सावकाश हलवत. तिनं व्हायोला खांद्यावर घेतला आणि आयोवातली ती ओळ सुरू केली. मी मागोमाग बोटं फिरवायला लागले. गंधारावर आलो आणि दोन्ही सूर एकमेकांवर घासले. तिनं गज उचलला.

"तुझा वर आहे."

"पेटीचा आहे. माझा नाही."

परत घेतलं, परत घासलं. मग मी ती पट्टी सोडूनच दिली. सा, रे, आणि थांबायचं. गंधार तिनं लावायचा.